जपानी बायकांसाठी बारा वाक्यं

माझी मुलगी विलायतेत जपानी लोकांना इंग्रजी शिकवते, असं माझ्या वडिलांनी सगळ्या कराडात सांगून ठेवलं होतं. किराणा दुकानदाराला, पोस्टमनला, बँकेत पेन्शनच्या रांगेत पुढेमागे उभ्या असलेल्या अनोळखी माणसांना. त्यातलं विलायतेत हे खरं होतं आणि जपानी हेही खरं होतं. शिकवते हे तेवढं खोटं होतं. शिकवायची दुसरीच एक बाई. मी तिच्यासाठी कागद तयार करत असे.

हे मी बाबांना कधी सांगितलं नाही. ते चौतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवून हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले होते. मला इंग्रजीतले सगळे काळ त्यांनीच शिकवले. पास्ट परफेक्ट आला की महाराष्ट्रातल्या तमाम इंग्रजी मास्तरांप्रमाणे त्यांचंही एकच वाक्य ठरलेलं: द पेशंट हॅड डाइड बिफोर द डॉक्टर केम. डॉक्टर यायच्या आधीच रोगी गेलेला असे. पिढ्यान्‌पिढ्या आम्ही त्या रोग्याला मारत आलो आणि एकाही वर्गात तो डॉक्टर वेळेवर पोचला नाही. पुढे मी लग्न केलं तेही डॉक्टरशीच. नवऱ्याला लीड्सच्या हॉस्पिटलात नोकरी लागली तेव्हा बाबा त्याला विमानतळावर गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "वेळेवर पोचत जा." तो विनोद होता हे त्याला मी विमानात समजावून सांगितलं.

पुण्यातल्या कॉलेजात अकरा वर्षं इंग्रजी शिकवून मी लीड्सला आले होते. दोन हजार साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती. नोकरी मिळाली ती एका खाजगी भाषाशाळेत, म्हणजे गालिच्यांच्या दुकानावरच्या तीन खोल्यांत. शाळा चालवणाऱ्या बाईंनी माझी सर्टिफिकेटं एकेक करून वाचली, भुवया उंचावल्या आणि म्हणाल्या, "केवढं शिकलाय हो तुम्ही, लव्ह!" तिथे हे लव्ह बसचा ड्रायव्हरही लावतो, त्यात प्रेमाचा काही संबंध नसतो. मग त्यांनी मला मटेरियल्समध्ये घातलं. मटेरियल्स म्हणजे फोटोकॉपीचं मशीन होतं ती खोली. तिथे बसून मी धडे लिहायचे, स्वाध्याय लिहायचे, आणि वर्गात जाऊन ते शिकवायची ती दुसरी बाई. ती आधी एका बँकेच्या काउंटरवर होती. चार आठवड्यांचा कोर्स करून ती शिक्षिका झाली होती. बाईंच्या मते विद्यार्थ्यांना नेटिव्ह, म्हणजे जन्माने इंग्रज, माणूस समोर लागतो.

ती वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं. पण ती चांगली होती हो. माझ्यासाठी केक आणायची, माझ्या खोकल्याची चौकशी करायची. वर्गाला पाच मिनिटं उरली की धापा टाकत मटेरियल्समध्ये यायची आणि विचारायची, "हा पास्ट परफेक्ट म्हणजे नक्की काय गं?" मी तिला पाच मिनिटांत तो सांगायचे. मग ती आत जाऊन तासभर तोच सांगायची, आणि मधल्या पातळ भिंतीतून मला माझीच वाक्यं तिच्या आवाजात ऐकू यायची. मला तिचा राग यायचा आणि राग आल्याची लाज वाटायची. दोन्ही घेऊन मी कागद मोजत बसायचे.

वर्ग जपानी बायकांचा होता. शहराबाहेर एक जपानी कारखाना होता, तिथल्या इंजिनिअरांच्या सहा बायका. पहिल्या महिन्यातच नेटिव्ह बाई रडकुंडीला आली. म्हणाली, "काही विचारलं की सगळ्या खाली बघतात. त्यांना काहीच येत नाही." मी दोन दिवस दाराच्या काचेतून पाहिलं. त्यांना सगळं येत होतं. पण त्यांच्यात एक थोरली होती, पन्नाशीची, कारखान्याच्या साहेबाची बायको, आणि तिने तोंड उघडल्याशिवाय बाकीच्या पाचजणी उघडत नव्हत्या. शिक्षिका नेमका सगळ्यात धाकटीला पहिला प्रश्न विचारायची, कारण तिचं इंग्रजी बरं होतं. ती बिचारी थोरलीच्या आधी कशी बोलणार? एकत्र कुटुंबात नांदलेल्या कोणत्याही धाकट्या जावेला हे न सांगता कळलं असतं. मी स्वाध्यायातला पहिला प्रश्न थोरलीच्या नावाने लिहायला लागले, तोही असा सोपा की तिचं चुकू नये. वर्ग बोलायला लागला. नेटिव्ह बाईचं फार कौतुक झालं.

त्या बायकांची कंपनीतर्फे एक परीक्षा असायची. तिच्यासाठी ठरलेल्या क्रियापदांची यादी होती, आणि त्यात कुणी घातलं होतं देव जाणे, पण जिंकून घेणं हे क्रियापद होतं. कॉंकर. ते पास्ट परफेक्टमध्ये वापरून दाखवायचं: हॅड कॉंकर्ड. जपानीत म्हणे भूतकाळ एकच. आधी काय झालं आणि त्याच्याही आधी काय, ते बोलण्याच्या ओघातून समजून घ्यायचं. आपल्याकडे नुसतं होता लावलं की काम झालं. राज्य जिंकलं आणि राज्य जिंकलं होतं यातला फरक आपल्या चार वर्षांच्या पोरालाही कळतो. मी फळ्यासाठी एक आडवी रेघ काढली, तिच्यावर दोन खुणा केल्या आणि बारा वाक्यं लिहिली. चौथं वाक्य असं होतं: माझ्या पणजोबांचा जन्म झाला तेव्हा इंग्रजांनी आमचा देश जिंकून घेतला होता.

बाईंनी ते वाचलं आणि त्याच्यावर पेन्सिलीने एक हलकी रेघ मारली. "जरा जड होतं, लव्ह," त्या म्हणाल्या. "नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं होतं, असं घाला ना." म्हणजे जिंकले गेले ते बिचारे इंग्रजच. मी नॉर्मन घातले. नवव्या वाक्यात कोणीतरी शिखर जिंकलं होतं आणि अकराव्यात एका बाईने पाण्याची भीती जिंकली होती. बारा वाक्यांत एवढा विजय झाला आणि कुणाचं काही गेलं नाही.

पण त्याच दिवशी बाईंनी मला बसवून घेतलं. हा वर्ग सप्टेंबरपासून आठवड्यातून दोनदाचा चार वेळा होणार होता आणि आणखी एक शिक्षिका लागणार होती. म्हणाल्या, "जूनमध्ये एक तास तुम्ही घ्या. मी मागे बसेन. सगळं नीट झालं तर सप्टेंबर तुमचा." मी घरी आले ती जिने चढत नव्हते, उडत होते. दोन वर्षांत मी खडू हातात धरला नव्हता. तिथे खडू नव्हताच म्हणा, मार्कर होता. पण तो तरी मिळणार होता.

त्याच सुमारास बाबा आमच्याकडे राहायला आले. व्हिजिटर व्हिसावर, सहा महिने. विमानतळावरून घरी येताना गाडीतच त्यांचा पहिला प्रश्न, "तुझा वर्ग कधी दाखवतेस?" मी सांगितलं की वर्ग आम्ही दोघी मिळून घेतो, एक तिथलीच बाई आणि मी. हे दुसरं खोटं. जूनमधला तो तास म्हणजे माझी परीक्षा आहे, हे मी त्यांना सांगितलंच नाही. कारण ते सांगायचं तर आजवर मी काय करत होते तेही सांगावं लागलं असतं. नवरा म्हणाला, "अगं, सांगून टाक ना, इट्स नॉट अ बिग डील." त्याला माझे वडील कधी समजले नाहीत.

बाईंनी बाबांना वर्गात बसू द्यायचं आनंदाने कबूल केलं. त्या दिवशी बाबांनी सूट घातला. जूनमध्ये, टायसकट. मागच्या रांगेत शाळेच्या बाई, त्यांच्या शेजारी नेटिव्ह बाई आणि तिच्या शेजारी गुडघ्यांवर हात ठेवून बसलेले बाबा, इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबासारखे ताठ. सहाही बायकांनी त्यांना उभं राहून कमरेत वाकून नमस्कार केला. बाबांना इतका मान उभ्या आयुष्यात कुठल्या वर्गाने दिला नसेल.

मी रेघ काढली, दोन खुणा केल्या आणि पहिला प्रश्न थोरलीला विचारला. मग दुसरीला, मग तिसरीला, वयाच्या क्रमाने. अकरा वर्षांचा हात होता तो, विसरला नव्हता. नॉर्मन आले, शिखर आलं. आणि मग बाबांकडे माझं लक्ष गेलं आणि मला काय झालं कोण जाणे, मी ते खोडलेलं चौथं वाक्य फळ्यावर लिहून टाकलं. माझे पणजोबा जन्मले तेव्हा इंग्रजांनी आमचा देश जिंकून घेतला होता. म्हटलं, आता तुम्ही तुमच्या घरातलं एक वाक्य करा.

थोरलीने वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग उभी राहिली आणि एकेक शब्द जपून ठेवत म्हणाली, "मी जन्मले तेव्हा अमेरिकन लोक घरी गेले होते." खाली बसता बसता तिने जोडलं, "बरेचसे." आणि त्या सहाही बायका तोंडावर हात ठेवून हसल्या. मीही हसले. व्याकरण बिनचूक होतं. त्या तासाइतकी मी त्या देशात कधीच सुखी नव्हते, आधीही नाही आणि नंतरही नाही.

तास संपल्यावर चहा आणि बिस्किटं होती. बायका अजून तिथेच कप धरून उभ्या होत्या. शाळेच्या बाईंनी हसत बाबांना विचारलं, "मग सर, कशी वाटली लेक?"

बाबांनी कप खाली ठेवला. कोटाचं बटण लावलं. हेडमास्तरांच्या इंग्रजीत, प्रत्येक शब्दावर सारखा जोर देत म्हणाले, "मॅडम, माझ्या मुलीचं ग्रामर चांगलं आहे. पण उच्चाराचं म्हणाल, तर या भगिनींच्या कानावर ओरिजिनलच पडलं पाहिजे." आणि उघड्या तळहाताने त्यांनी नेटिव्ह बाईकडे दाखवलं. मग मान माझ्याकडे वळवून म्हणाले, "हिचं काय, ही कॉपी आहे. तुम्ही हिला सांभाळून घेता, फार उपकार आहेत." आणि त्यांनी हात जोडले.

बाई मोठ्याने हसल्या. नेटिव्ह बाई लाल झाली आणि माझ्याकडे न बघता बिस्किटं पुढे करत राहिली. मीही हसले. दुसरं काय करणार?

दोन आठवड्यांनी सप्टेंबरचं टाइमटेबल भिंतीवर लागलं. चारही तास तिच्या नावावर होते. मी बाईंच्या केबिनमध्ये गेले. त्या म्हणाल्या, तास उत्तम झाला, खरंच, पण तो इतिहास जरा डोईजड झाला, आणि कंपनीला नेटिव्हच हवी असते. "आणि तुमचे वडीलही तेच म्हणाले की, लव्ह. ते तर हेडमास्तर."

मी त्यांना समजवायला गेले. म्हटलं, अहो, आमच्यात आपल्या माणसाची स्तुती परक्यापुढे करत नाहीत. मी दहावीला तालुक्यात पहिली आले तेव्हा बाबा पेढे वाटताना प्रत्येक घरी सांगत होते, भूमिती अजून कच्ची आहे. ती बोलायची पद्धत आहे आमची, त्याचा अर्थ तसा घ्यायचा नसतो. बाईंनी मान तिरकी करून सगळं ऐकलं. "किती गोड," त्या म्हणाल्या. "पण टाइमटेबल छापून गेलं आता."

जिन्यात मला थोरली भेटली. तिला कसं कळलं होतं माहीत नाही. ती दोन पायऱ्या वर चढली, माझ्यासमोर आली आणि म्हणाली, "माझे वडीलही तसेच होते. पाहुण्यांना सांगायचे, ही मुलगी मूर्ख आहे, हिला सांभाळून घ्या. तेव्हा मला कळायचं की त्यांना अभिमान वाटतो." मी तिचा हात धरला आणि तिथे जिन्यात रडले. ती शाळेच्या बाईंकडे जाऊन माझ्यासाठी काही बोलली नाही. तशी त्यांच्यात रीत नसावी. आमच्यातही नाही, बाबांना तरी मी कुठे काय बोलले? त्यांनी माझा वर्ग घालवला हे त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि ठाऊक नव्हतं ते माझ्याच खोट्यामुळे. मी थोरलीचं ते वाक्य घेतलं आणि पुढची काही वर्षं त्याच्या आधाराने काढली. बाबांना अभिमान वाटला होता. म्हणून ते तसं बोलले होते.

परत जायच्या आधी बाबांनी नेटिव्ह बाईकडे एक मागणं मागितलं. निवृत्तीनंतर ते घरी शिकवण्या घेत, त्या मुलांसाठी तिने ती बारा वाक्यं कॅसेटवर म्हणून द्यावीत. ती हरखून गेली. बारांपैकी चौथं वाक्य पणजोबांचंच पाहिजे, असं बाबांनी बजावलं, त्यांना ते फार आवडलं होतं. एका दुपारी रिकाम्या वर्गात आम्ही बसलो. टेपरेकॉर्डर माझा, कागद माझा, वाक्यं माझी. ती वाचताना गोंधळू नये म्हणून प्रत्येक वाक्याआधी मी आकडा म्हणत होते. मी म्हणायचे, नंबर वन. मग ती वाचायची. नंबर टू. मग ती. बाबा डोळे मिटून ऐकत होते. त्या कॅसेटवर निदान माझे बारा आकडे आहेत, एवढं समाधान मी खिशात घालून घरी आले, किती मूर्खपणा तो.

मी ती नोकरी आणखी वर्षभर केली, मटेरियल्समध्येच. फोनवर बाबा विचारायचे, जपानी काय म्हणतात? मी सांगायचे, छान चाललंय. मग नवऱ्याची बदली झाली, आम्ही गाव बदललं आणि तो विषय संपला असं मला वाटलं.

चार वर्षांनी मी कराडला गेले. बाबा थकले होते, पण शिकवण्या चालू होत्या. संध्याकाळी पाच वाजता अंगणात सतरंजीवर पंधरा-वीस मुलं बसली आणि बाबांनी स्टुलावर टेपरेकॉर्डर ठेवला. मी स्वयंपाकघरात आईबरोबर शेंगा सोलत बसले होते. बाहेरून तिचा आवाज आला, लीड्सच्या बँकेतल्या काउंटरचा तो गोड आवाज. पाठोपाठ मुलांचा गजर. मी शेंगा टाकून दारात येऊन उभी राहिले.

दुसरं वाक्य झालं. तिसरं झालं. मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, आणि चौथ्याच्या आधी लक्षात आलं. तिथे मी नव्हते. जिथे नंबर फोर असायला हवं होतं तिथे नुसती खरखर होती, दोन सेकंदांची. मग तिचा आवाज सांगू लागला की माझ्या पणजोबांचा जन्म झाला तेव्हा इंग्रजांनी आमचा देश जिंकून घेतला होता. आणि कराडची वीस पोरं तिचे ओठ दिसत असल्यासारखी तिच्यामागे ते तसंच्या तसं म्हणाली.

मुलं गेल्यावर मी विचारलं, "बाबा, कॅसेटवर मी आकडे म्हटले होते ना? ते कुठे गेले?"

"ते होय," बाबा वायर गुंडाळत म्हणाले. "ते मी पुसले. मोठ्या नाजूक हाताने करावं लागलं, दोन दिवस लागले. नाहीतर तिचं वाक्य उडायचं."

"पण का?"

"अगं, पोरांच्या कानावर एकच उच्चार पडावा. मधेच तुझा आला की गोंधळतात." त्यांनी हे कसल्याही कडवटपणाशिवाय सांगितलं, उलट समजूत घालावी तसं.

माझे कान तापले. म्हटलं, "म्हणजे त्या दिवशी चहाला तुम्ही बाईंना म्हणालात, ही कॉपी आहे म्हणून. ते मनापासून होतं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना खरंच आश्चर्य वाटलेलं दिसलं. "मग? मास्तर आहे मी. उच्चाराच्या बाबतीत खोटं कसं बोलेन?" मग माझा चेहरा पाहून ते जरा मऊ झाले. "माझा तर तुझ्याहून वाईट आहे," ते म्हणाले. "म्हणून तर मी आता वर्गात बोलतच नाही. कॅसेट लावतो आणि गप्प बसतो."

त्यांनी टेपरेकॉर्डरवर रुमाल झाकला आणि तो उचलून आत नेला. सतरंजी मी झटकली. दुसऱ्या दिवशी पाच वाजता मुलं पुन्हा आली. मी मुद्दाम मागच्या बाजूला जाऊन बसले. प्रत्येक वाक्याआधी ती खरखर यायची, आणि ती संपेपर्यंत बाबा आणि ती वीस पोरं श्वास रोखून तिच्या आवाजाची वाट बघत बसायची.